पावणेसहाची ओपीडी

पहाटे ५.४५

मिरची तोडायला मजूर नेणारी पिकअप साडेसहाला वस्तीच्या तोंडाशी येते आणि दोनदा हॉर्न देते. तिसऱ्यांदा वाजला तर समजायचं, गाडी निघाली. त्याआधीचा पाऊण तास आमचा. ही आमची सकाळची ओपीडी. टेबल नाही, केसपेपर नाही, दारावर पाटी नाही. एका अंगणात चूल पेटलेली असते, तिच्यापुढं बसायचं, कोरा चहा घ्यायचा आणि कोण येतं ते बघायचं.

धावडा हे भोकरदन तालुक्याच्या उत्तर टोकाचं गाव. पाठीशी अजिंठ्याचा डोंगर, थोडं पुढं गेलं की बुलडाणा जिल्हा. कागदोपत्री तालुका भोकरदन आणि जिल्हा जालना, पण लेकरू तापानं फणफणलं की माणसं बुलडाण्याची वाट धरतात, कारण ते जवळ. धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई हा सगळा पट्टा मिरचीचा. जोडीला कपाशी आणि मका. मिरची लावणारे वेगळे, तोडणारे वेगळे. मी जिथं मानसिक आरोग्याचं काम करते ती वस्ती तोडणाऱ्यांची, भिल्ल समाजाची. चौकात एकलव्याचा फलक आहे आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाचा बॅनर पुढच्या ९ ऑगस्टपर्यंत तसाच असतो. वस्तीचं नाव लिहीत नाही. पुढं जी माणसं येतील त्यांची वयं, नाती, कामं अदलाबदल करून लिहिली आहेत. घरं इतकी थोडी आहेत की एक खूण दिली तरी कोण ते कळतं.

आज चुलीपुढं सतराएक वर्षांची मुलगी येऊन बसली. म्हणाली, झोप लागत नाही. कधीपासून? तोडणी लागल्यापासून. नैराश्य ओळखायच्या प्रश्नावलीत झोपेचा प्रश्न असतो आणि त्याच्यापुढं चार रकाने: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. तिचं उत्तर शेवटच्या रकान्यातलं. पण बोलता बोलता तिनं हात पुढं केले. बोटांची टोकं लालबुंद, नखांच्या कडेचं कातडं सोललेलं. दिवसभर मिरची खुडायची. कामाच्या नादात आग कळत नाही, रात्री अंथरुणावर पडलं की चढते. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे हात नुसत्या पाण्यानं धुवून उपयोग नसतो, आधी तेल चोळावं लागतं, मग साबण. आणि तेवढं तेल कुठल्या घरात रोज असतं? अशा हातांनी झोप येत नसेल तर तो मनाचा आजार म्हणून लिहायचा का?

मी खूण केली नाही. विचारलं, सुट्टीच्या दिवशी हात थंड असतात, तेव्हा लागते का झोप?

ती काटक्या मोडत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तर बिलकुलच नाही."

इथून खरं बोलणं सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी पाहुणे येतात, तिला बघायला. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या बांधल्या जातात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. त्यामुळे या दिवसांत सोयरिकी घाईनं जुळतात आणि जुळवणाऱ्याला मुलीचं वय विचारायला सवड नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जालना जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या साधारण तिघींत एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं होतं.

हॉर्न वाजला. ती उठली, ड्रेसवर बापाचा जुना फुल शर्ट चढवला, ओढणी तोंडाला गुंडाळली. जाता जाता म्हणाली, "मायले नका सांगू. मामीले सांगा."

सकाळी ७

पिकअप गेली की वस्तीत म्हातारी माणसं, कोंबड्या आणि धाकट्या भावंडांना कडेवर घेतलेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरी उरतात. ज्यांच्यासाठी आमचं काम आहे ते पंधरा ते पंचवीस वयाचे सगळे रानात गेलेले असतात. ते परत यायला संध्याकाळचे सहा.

सरकारी योजना नाहीत असं नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. महाराष्ट्रात त्याची ‘मैत्री क्लिनिक’ आहेत, समुपदेशक आहेत, गावातल्याच मुलामुलींना साथीदार म्हणून तयार करायची कल्पना आहे. योजना चांगली आहे. पण दवाखान्यात समुपदेशक बसतो ती वेळ शाळेच्या गणवेशातल्या मुलीला जमते, मिरचीच्या सरीत वाकलेल्या मुलीला नाही. एक दिवस गेली तर रोज बुडतो आणि दुसऱ्या दिवशी पिकअपवाला तिच्या जागी दुसरी घेतो.

आमचाही आराखडा कागदावर होता तेव्हा त्यात एक खोली होती, ‘मानसिक आरोग्य केंद्र’ अशी पाटी होती आणि आठवड्यातला एक वार होता, सकाळी अकरा ते चार. तो वस्तीच्या बैठकीपुढं वाचून दाखवला. बैठक म्हणजे आठ-नऊ माणसं: जाणत्या बाया, दोन तरुण पोरं, एक भगत, बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांनी आधी पाटी काढली. येड्यांचा दवाखाना म्हणतील, पोरींच्या सोयरिकी मोडतील. मग वार काढला. मग खोलीही काढली, कारण खोलीत शिरणारा माणूस चारचौघांना दिसतो, चुलीपुढं बसणारा दिसत नाही. फोटो काढायचे नाहीत. वहीत पूर्ण नाव लिहायचं नाही. ऐकलेलं मुकादमाच्या आणि पोलिसाच्या कानावर जाता कामा नये. जीवावर बेतलं असेल तर मात्र बैठकीतल्या दोघींना लगेच सांगायचं. पाण्याचा, रेशनचा, दाखल्याचा विषय निघाला तर ‘हे आमचं काम नाही’ म्हणायचं नाही.

या शेवटच्या अटीनं माझ्या कामाचे निम्मे तास खाल्ले आहेत, आणि माझ्या मते तीच सगळ्यात शहाणी अट होती.

सकाळी ८.३०

आशाताईंबरोबर गावातून फेरी. त्या वस्तीतल्या नाहीत, गावातल्या आहेत, पण वस्तीतलं प्रत्येक बाळंतपण त्यांना तारखेसह पाठ आहे. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५-१६ पासून प्रेरणा प्रकल्प आहे, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी. जालना त्यात आहे. आशांनी घरोघरी जाऊन विचारायचं, मन खचलेलं माणूस हेरायचं, पुढं पाठवायचं. १०४ हा क्रमांक त्यासाठीही. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारचं टेलिमानस सुरू झालं, त्याचा क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो आम्ही पाटीवर नाही, पोरांच्या फोनमध्ये ‘मावशी’ या नावानं टाकून दिला आहे. ही युक्ती पोरांची.

प्रेरणा प्रकल्प शेतकऱ्यासाठी आहे हे त्याचं बळ आणि तीच त्याची कुंपणरेषा. शेतकऱ्यानं जीव दिला तर पंचनामा होतो, प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढं जातं, पात्र की अपात्र ठरतं, पात्र असेल तर घरच्यांना एक लाखाची मदत मिळते. सातबारा लागतो. ज्याच्या नावावर कधी सातबारा नव्हताच अशा वीस वर्षांच्या मजुरानं तसं काही केलं तर तो कुठल्याच समितीपुढं जात नाही. त्याची गणती पात्रातही नाही, अपात्रातही नाही.

सकाळी १०

एका घरी दर पंधरवड्याला जाते. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले, झोप गेली, अंगावरचे कपडे फाडायचा. घरच्यांनी ‘बाहेरचं’ धरलं. वस्तीतल्या भगतानं लिंबू उतरवलं, मग सैलानी झालं.

या भागात मनाच्या आजाराबद्दल बोलायचं आणि सैलानीचं नाव घ्यायचं नाही, हे जमत नाही. बुलडाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे, आमच्याकडून फार लांब नाही. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, राज्यभरातून माणसं येतात. हिंदू, मुसलमान, आदिवासी, सगळे. वर्षभरही मनाचा आजार जडलेली माणसं घरच्यांबरोबर तिथं मुक्काम करून असतात. मराठवाड्याला स्वतःचं मनोरुग्णालय नव्हतं. राज्यातली जुनी चार ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. जालन्यात अलीकडे एक मंजूर झालं. तोवर इथल्या माणसानं कुठं जायचं होतं? सैलानीला निदान रात्री-बेरात्री गेलं तरी कुणी परत पाठवत नाही आणि सोबतच्या आईला झोपायला जागा मिळते.

म्हणून सैलानीला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. साखळी घालू नका, एवढं म्हणते, आणि ते ठासून म्हणते. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले २८ जण होरपळून गेले. त्यांना पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं माणसाला कुठल्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला बंदी केली आहे. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात साधारण २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ एकाच आवारात चालतात. मुजावरच माणसाला डॉक्टरकडे पाठवतो. आमच्या भगताला हा दाखला आवडला. त्याच्याशी ठरलं ते असं: उतारा त्यानं करावा, नारळही घ्यावा, पण सलग तीन रात्री झोप नसेल, कुणी मरायचं बोलत असेल, किंवा पोरगं जेवायचं सोडून बसलं असेल, तर त्याच दिवशी आम्हाला फोन. मागच्या पावसाळ्यापासून आमच्याकडे आलेली अवघड माणसं बहुतेक त्यानंच पाठवली आहेत. प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांपेक्षा त्याची नजर तयार आहे, हे मान्य करायला काही जणांना जड जातं.

पोरगा आता गोळ्या घेतो, शेळ्या घेऊन डोंगराला जातो. त्याच्या आईनं गोळीची रिकामी पट्टी आणि सैलानीचा काळा दोरा एकाच खुंटीला टांगलेला आहे. आज तिचं एकच म्हणणं होतं: "ताई, गोळीनं लय भूक लागते याला. चार भाकरी एका वेळी. मी कुठून घालू?"

ही तक्रार डॉक्टरांसाठी लिहून घेतली. त्या गोळ्यांनी भूक वाढते, वजन वाढतं, हे पुस्तकात असतं. भाकरीचा हिशेब नसतो.

दुपारी १२

शाळेत नववीच्या वर्गावर एक तास. मोबाइल, राग, परीक्षा. मुलं हुशार, उत्तरं तयार असतात. वस्तीतली दोन मुलं शेवटच्या बाकावर होती, बोलली नाहीत. पुढं जाऊ.

दुपारी १.१५

डबा खाता खाता जातवैधतेची फाइल. मुलगा बारावीला आहे, नर्सिंगला जायचं आहे. गेल्या महिन्यात तो आमच्याकडे आला तो छातीत धडधडतं म्हणून. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, तो चांगला आला. धडधड कधी होते विचारलं तर म्हणाला, समितीचं पत्र आठवलं की.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळणं ही पहिली पायरी, तो खरा आहे असं तपासणी समितीकडून ठरवून घेणं ही दुसरी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या नावापुढं ‘भिल’ असं लिहिलेला शाळेचा किंवा महसुलाचा कागद. या मुलाच्या घरात शाळेत गेलेला पहिला माणूस तो स्वतः. शिवाय १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य. जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत, कुठल्या कचेरीत कुठल्या गाठोड्यात असतील ते वाचणारा माणूस भेटेपर्यंत सांगता येत नाही. २०२३ मध्ये याच जिल्ह्यातून उठलेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे निजामकालीन नोंदी शोधायला मराठवाडाभर सरकारी यंत्रणा कामाला लागली, समिती बसली, मोडी वाचणारे बोलावले गेले. भिल्लाच्या पोरानं मात्र तसाच कागद एकट्यानं, एसटीचं तिकीट काढून शोधायचा असतो.

कागद नसला की दक्षता पथकाचा अहवाल महत्त्वाचा होतो. पथक घरी येतं, विचारतं: तुमची कुळं कोणती, देव कोणते, लग्नात काय करता, मयतीत काय करता. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये सांगितलं आहे की दाव्याचा निकाल या एका चाचणीवर लावता येणार नाही. पण त्या मुलाला निकालपत्राचा धीर कुठून येणार? तो रात्री जागून आजीकडून देवांची नावं पाठ करतोय. त्याची एक वही मला दाखवली त्यानं: पहिल्या पानावर मानवी हाडांची नावं, शेवटच्या पानावर कुळांची. आणि मला विचारतो, "मी नापास झालो तं मी कोण ठरतो?"

या प्रश्नावर दीर्घ श्वास घ्यायचा व्यायाम शिकवता येतो. मी शिकवलाही, त्याला उपयोगही होतो. पण त्याची धडधड मनातून सुरू होत नाही, कचेरीतून सुरू होते. जालना जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या आदिवासी गावाला पेसा कायद्यानं जी ग्रामसभा मिळाली ती या वस्तीला नाही. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे ते छत्रपती संभाजीनगरला. इथला आदिवासी थोडका, विखुरलेला, आणि म्हणून कुठल्याच टेबलावर पहिला नाही.

आज फाइलमध्ये एक चांगली गोष्ट जमली. आजोबांच्या चुलत्याचा एक जुना उतारा मिळाला आहे, जातीच्या रकान्यात नोंद आहे. नातं जोडणारी वंशावळ तयार करून प्रतिज्ञापत्र करायचं. मी मुलाला फोन केला. त्यानं ‘हो’ म्हटलं आणि ठेवून दिला. दहा मिनिटांनी परत फोन: "ताई, काय म्हणल्या होत्या? मला काही सुधरलं नाही."

दुपारी ३

अहवाल. ज्यांच्या पैशावर काम चालतं त्यांच्या तक्त्यात ‘समुपदेशन’ आणि ‘इतर’ असे रकाने आहेत. जातवैधता, गोळ्यांनी वाढलेली भूक, तेल, सगळं ‘इतर’मध्ये जातं. ‘इतर’ फुगला की प्रश्न येतात.

उत्तर द्यायला मी दोन दाखले जवळ ठेवले आहेत. एक घरचा. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ नावाचं काम झालं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्रानं ते उभं केलं. पेठ हा आदिवासी तालुका. गावातल्याच माणसांना शिकवलं: कुणी दुःखी माणूस ओळखायचा, कुणी त्याच्यासोबत चार-सहा वेळा बसून बोलायचं, फोनवर छोट्या फिल्म दाखवायच्या, आणि त्याच माणसांनी पेन्शन, रेशन, योजना यांचे कागदही करून द्यायचे. म्हणजे ‘इतर’ हा रकाना तिथं मूळ कामातच होता. पुढं हे काम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठं झालं.

दुसरा दाखला लांबचा, कॅनडातला. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लॅलाँड या दोघांनी ब्रिटिश कोलंबियातल्या जवळपास दोनशे आदिवासी समूहांतल्या तरुणांच्या आत्महत्या तपासल्या आणि १९९८ साली मांडणी केली. ‘आदिवासी तरुण जास्त आत्महत्या करतात’ हे सरसकट वाक्य त्यांना खोटं आढळलं. काही समूहांत प्रमाण भयंकर, कित्येकांत एकही नाही. फरक कशाचा होता? जमिनीच्या हक्कासाठी लढा, स्वतःचा कारभार, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस आणि अग्निशमन, सांस्कृतिक जागा, या सहा गोष्टी कुणाच्या हातात आहेत याचा. सहाही समूहाच्या हातात होत्या तिथं त्या पाच-सहा वर्षांत एकाही तरुणानं जीव दिला नव्हता. यातून सगळं सिद्ध होतं असं नाही. कारण आणि परिणाम यांत गल्लत होऊ शकते. पण मी जेव्हा बैठकीपुढं आराखडा ठेवते आणि त्या बाया त्यातली पाटी काढून टाकतात, तेव्हा तेही उपचारातच धरावं, असं मला या कामातून वाटत आलं आहे.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं आदिवासी आरोग्यावर २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात आदिवासींच्या दहा खास आरोग्य-प्रश्नांत व्यसन आणि मानसिक आरोग्य आहे, आणि आश्रमशाळेतल्या मुलांचं आरोग्य हा वेगळा प्रश्न म्हणून आहे. त्याच बंग पती-पत्नींच्या ‘सर्च’ या संस्थेनं गडचिरोलीत दवाखाना बांधताना आधी गोंडांना विचारलं होतं. म्हणून तो झोपड्यांच्या गावासारखा आहे, नातेवाइकांना राहायला जागा आहे आणि नाव माँ दंतेश्वरीचं आहे. हे मी अहवालात लिहीत नाही. तिथं शब्दमर्यादा आहे.

संध्याकाळी ६

पिकअप परतते. आधी बाया पाण्याला, मग चुली. पोरं तासभर व्हॉलीबॉल खेळतात. माझे दोन सहकारी, दोघंही वस्तीतलेच, मैदानावर असतात. त्यांना मी ‘सत्र घ्या’ असं सांगत नाही. खेळ संपल्यावर कोण घरी जायला रेंगाळतो, कोण आज आलाच नाही, कोण पिऊन आला, एवढं बघायचं. पंधरा मिनिटांनी रेंगाळणाऱ्याशेजारी जाऊन बसायचं. नेटची गाठ सोडायला दोन माणसं लागतात, असं काहीतरी निमित्त असतं.

आज एक जण आला नव्हता. त्यानं उचल घेतली होती आणि त्यातून मोबाइल घेतला. आता त्याला कारखान्यावर जायचं नाही आणि पैसे परत द्यायला नाहीत. सहकारी त्याच्या घरी जाऊन आला. "बोलला?" "बोलला. मरायचं नाही म्हणे, पळायचं म्हणे." हा प्रश्न थेट विचारायला आम्ही सगळे शिकलो आहोत. विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही. उलट दाबलेला असेल तर बाहेर येतो. उद्या तोच सहकारी त्याच्याबरोबर कपाशी वेचायला जाणार आहे. पूर्ण रोजंदारीवर, शेजारच्या सरीत.

रात्री ८.३०

बैठक. जेवणं उरकून, बल्बखाली, सतरंजीवर. माझं काम टिपण घ्यायचं. अध्यक्षपद माझ्याकडे नाही.

पहिला विषय औषधं. पोटात घ्यायची नव्हेत, फवारणीची. बरेच मालक फवारणीचे उरलेले डबे सालगड्याच्या घरात ठेवतात, कारण ते घर रानात असतं. घरात तरुण पोरं, भांडणं, रात्री दारू. श्रीलंकेनं एकामागून एक अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली तेव्हा १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी खाली आलं. माणसाच्या मनातलं दुःख तेवढं कमी झालं नव्हतं, हाताशी असलेलं विष कमी झालं होतं. हे मी मागच्या खेपेला सांगितलं होतं. आज एका बाईनं त्याचा ठरावच केला: सालाचा करार करताना अट घालायची, मालकाचे डबे मालकाच्या गोडाउनात, कुलपात. कुणी म्हणालं, मालक ऐकणार नाही. ती म्हणाली, "त्याला म्हणा, डबे चोरीला जाऊन राहिले. मंग ऐकतो का नाही पाहा."

सकाळच्या मुलीच्या मामीशी मी बाजूला बोलले. ती हसली. मुलीच्या भावाची उचल तिच्याच नवऱ्याच्या टोळीतून आहे म्हणे, तेव्हा लग्नाची घाई कुणाला आहे ते ती बघून घेईल. पाहुण्यांना तुळशीच्या लग्नानंतर या म्हणून निरोप जाईल. तोवर टोळी गेलेली असेल. आणि पुढच्या वर्षी मुलगी अठराची होते. मी १०९८ या बालमदत क्रमांकाबद्दल सांगितलं, तो तिनं ऐकून घेतला. लागला तर लावू, म्हणाली.

शेवटचा विषय अवघड होता. वस्तीतली निम्मी माणसं पंधरा-वीस दिवसांत ऊसतोडीला निघतील, चैत्रापर्यंत परतायची नाहीत. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांचं काय? सरकारी दवाखान्यातून सहसा एका वेळी महिन्याभराच्या मिळतात. आणि नव्यानं निवडलेली कार्यकर्तीही टोळीबरोबर चालली आहे. तिची निवड बैठकीनं केली. माझ्या मनात बारावी झालेली एक मुलगी होती. त्यांनी सातवीत शाळा सुटलेली, नवऱ्यानं टाकलेली बाई निवडली, कारण रडायला सगळ्या आधीच तिच्याकडे जातात.

मी म्हटलं, ती गेली तर इथलं मानधन सहा महिने थांबवावं लागेल. मंजुरी धावड्याच्या कामाला आहे.

"माणसं तिकडं आणि काम इकडं कसं राहील?" बचत गटाच्या ताई म्हणाल्या. "ती पालावर आमच्या सोबतच राहणार. गोळ्या तीच वाटंल, फोन तीच लावंल. पैसे तिला तिकडं द्या. लिहा पत्र."

मी लिहायला घेतलं. मजकूर त्यांनी सांगितला, मी फक्त अर्जाच्या भाषेत बसवला. कामाचं ठिकाण या रकान्याशी येऊन थांबलो. कोल्हापूरकडं की कर्नाटकात, कुठल्या कारखान्यावर, ते अजून ठरलेलं नाही. मुकादम ते गाडी भरल्यावर सांगतो.